शेकरू आणि पावसामागचा चतुर

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातले शेकरू आणि पावसाळा सरता सरता कोल्हापूरच्या भातशिवारावर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर यांची तुलना वरवर पाहता विजोड वाटेल, कारण एक कृंतक गणातला सस्तन प्राणी आहे आणि दुसरा कीटक. तरीही सजीवाचे आपल्या अधिवासाशी असलेले नाते किती टोकाचे वेगळे असू शकते, हे समजून घेण्यासाठी याहून चांगली जोडी आपल्या जिल्ह्यात मला तरी दिसत नाही.

उंदीर-घुशींप्रमाणे शेकरूचेही (रातुफा इंडिका) पुढचे दात जन्मभर वाढतात आणि कठीण फळे कुरतडताना झिजतात. दीड-दोन किलो वजनाचा हा प्राणी मागच्या पायांनी फांदी पकडून उलटा लोंबकळतो आणि पुढच्या पायांत फळ धरून खातो. तोल सांभाळण्याचे काम लांब, झुपकेदार शेपूट करते. सुमारे सहा मीटरची झेप तो सहज घेतो, मात्र जमिनीवर क्वचितच उतरतो. त्यामुळे फांदीला फांदी भिडलेले सलग जंगल ही त्याची खरी गरज असते.

चतुराची (पँटाला फ्लेवेसेन्स) गरज नेमकी उलटी, म्हणजे थोडे दिवस टिकणारे पाणी. मादी पावसाने भरलेल्या डबक्यांतही अंडी घालते. त्यातून निघालेली अळी दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते, आतड्याच्या शेवटच्या भागातील कल्ल्यांनी श्वास घेते आणि तेथूनच पाण्याची चिळकांडी मागे सोडून पुढे सरकते. डबके आटण्यापूर्वी, उबदार पाण्यात साधारण दीड-दोन महिन्यांत, तिची वाढ पूर्ण होते. प्रौढाचे मागचे पंख बुडाशी रुंद असल्याने तो वाऱ्यावर फारशी शक्ती न खर्चता तरंगत राहतो. ऑक्टोबरपासून हे चतुर मालदीवमध्ये प्रचंड संख्येने दिसतात, जिथे गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीत. यावरून ते भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडले.

शेकरूचा वावर झाडावरची घरटी मोजून कळतो. चतुराच्या बाबतीत त्याचे पंखच तपासावे लागतात: अळी ज्या पाण्यात वाढली त्या पाण्यातील हायड्रोजनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंची) प्रदेशागणिक बदलणारी खूण त्यांत उरते, आणि त्याच खुणेवरून मालदीवमधील चतुर उत्तर भारतातून किंवा त्याही पलीकडून आल्याचे 2012 मध्ये दिसून आले.