इंटरप्ट कॉन्टेक्स्ट : ‘मी कुठे आहे?’ हे कोडने विचारावं का?

इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारी हाक, आणि तिला उत्तर देणारा कोड म्हणजे हँडलर. या हँडलरमध्ये झोपायचं नाही, म्हणजे कशाची तरी वाट पाहत प्रोसेसर सोडून द्यायचा नाही, हे कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. वाद आहे तो त्यापुढचा. आपण झोपू शकतो की नाही हे फंक्शनने स्वतः तपासावं, की बोलावणाऱ्याने त्याला सांगावं?

जुना काळ सोपा होता. पीडीपी-११ वरच्या युनिक्समध्ये इंटरप्ट थोपवायला प्रोसेसरची प्रायॉरिटी चढवायची, काम उरकून उतरवायची. लिनक्सनेही एका प्रोसेसरच्या जमान्यात सीएलआय-एसटीआयवर, म्हणजे इंटरप्ट बंद-चालू करणाऱ्या सूचनांवर, भागवलं. १९९६ च्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसर आले, तेव्हा जुने ड्रायव्हर चालत राहावेत म्हणून सीएलआय अख्ख्या मशीनवर लागू होईल अशी सोय केली. ती २००२ मध्ये २.५ च्या मालिकेत काढली आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत न झोपता जागच्या जागी फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) सांभाळणं भाग पडलं.

इथून खरी डोकेदुखी सुरू झाली. प्रोसेस कॉन्टेक्स्टने, म्हणजे एखाद्या प्रोसेसच्या वतीने चाललेल्या साध्या कोडने, इंटरप्ट चालू ठेवून साधा स्पिनलॉक घेतला, त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला आणि हँडलरने तोच लॉक मागितला, की खेळ खलास: हँडलर गरगरत राहतो, लॉकवाल्याची पाळीच येत नाही. इंटरप्ट दुसऱ्या सीपीयूवर आला तर मात्र काहीच बिघडत नाही, म्हणून चाचण्यांमध्ये हा बग सहज निसटतो. उपाय आयआरक्यूसेव्ह, म्हणजे त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद करून लॉक घेणं. २००६ मध्ये २.६.१८ सोबत आलेल्या लॉकडेप या लॉक तपासणाऱ्या साधनाने तर प्रत्यक्ष अडकण्याची वाट पाहणंही संपवलं. एका प्रकारचा लॉक कधी हँडलरमध्ये आणि कधी इंटरप्ट चालू असताना घेतलेला दिसला, की तो बोंब ठोकतो.

वादाचं मूळ ‘इन-इंटरप्ट’ या ‘आपण इंटरप्टमध्ये आहोत का?’ विचारणाऱ्या तपासणीत आहे. ती प्रीएम्प्ट-काउंट या मोजणीतले आकडे पाहते: खालचे ८ बिट प्रीएम्प्शनचे (चालू कामाच्या हातून सीपीयू काढून घेणं किती वेळा रोखलंय त्याचे; हे ती सोडून देते), पुढचे ८ सॉफ्टआयआरक्यूचे (हँडलरने मागे ठेवलेल्या कामाचे), मग हार्डआयआरक्यूचे (खुद्द हार्डवेअर इंटरप्टचे), वर एनएमआयचे (बंद न करता येणाऱ्या इंटरप्टचे). बॉटम-हाफ, म्हणजे हीच मागे ठेवलेली कामं, नुसते बंद केले तरी सॉफ्टआयआरक्यूचा आकडा चढतो. म्हणजे साध्या प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये, इंटरप्टचा मागमूस नसताना, उत्तर ‘हो’ येतं. उलट साधा स्पिनलॉक धरलेला असताना उत्तर ‘नाही’, आणि तिथे झोपायला सक्त मनाई! ‘इंटरप्टमध्ये असलो तर जीएफपी-अ‍ॅटॉमिक (न झोपता मेमरी मागणं), नाहीतर जीएफपी-कर्नल (गरज पडल्यास झोपून मागणं)’ असं लिहिणारे ड्रायव्हर नेमके इथेच फसायचे. प्रीएम्प्शनचा आकडाही पाहणारी ‘इन-अ‍ॅटॉमिक’ तपासणी वापरा म्हणावं, तर प्रीएम्प्शनची मोजणी नसलेल्या कर्नलमध्ये स्पिनलॉकची त्यात नोंदच होत नाही.

तपासणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. खोलवरच्या कोडपर्यंत एक फ्लॅग पोचवायचा तर मधल्या सगळ्या फंक्शनांच्या पॅरामीटरांच्या याद्या बदलाव्या लागतात. पण बोलावणाऱ्याला परिस्थिती ठाऊक असते, तपासणीला फक्त अंदाज. २०२० मध्ये ड्रायव्हरांतून असल्या तपासण्या उपसून काढण्याची मोहीम निघाली, ती रास्तच होती. खरं तर उशिराच निघाली.

तिच्यामागे रिअल-टाइमचा, म्हणजे ठरल्या वेळेत प्रतिसाद देणाऱ्या कर्नलचा, रेटा होता. हँडलर थ्रेडमध्ये, म्हणजे झोपू शकणाऱ्या साध्या कामासारखा, चालवायची सोय २००९ मध्ये २.६.३० ला आली, आणि प्रीएम्प्ट-आरटी हे लिनक्सचं संपूर्ण रिअल-टाइम रूप मुख्य कर्नलमध्ये पोचायला २०२४ ची ६.१२ उजाडावी लागली. त्यात बहुतेक हँडलर थ्रेडमध्येच चालतात, साधा स्पिनलॉक झोपू शकतो आणि त्याचा आयआरक्यूसेव्ह इंटरप्ट बंदच करत नाही. जुनी, न झोपणारी वागणूक फक्त रॉ-स्पिनलॉक या वेगळ्या प्रकाराची उरली. आणि तो धरून जीएफपी-अ‍ॅटॉमिकने मेमरी मागायचीही पंचाईत, कारण मेमरी वाटणाऱ्या अ‍ॅलोकेटरचे आतले लॉक आता झोपणारे आहेत. त्यामुळे मेमरी आधी घेऊन ठेवायची, मग लॉक घ्यायचा, असा कोड फिरवावा लागला.