बारा बाण, एकच ताठपणा

परशुरामाने सह्याद्रीवरून सोडलेला बाण जिथे पडला ते बाणावली, ही कथा गोव्यात लहान पोरालाही ठाऊक असते. कथेत बाण एकच आहे. तिरंदाजाला मात्र एकामागून एक बाण त्याच जागी घालायचे असतात, आणि तिथे काडीच्या ताठपणाचा प्रश्न उभा राहतो. मैदानावर त्याला 'स्पाइन' म्हणतात.

बोटांतून सुटलेली दोरी सरळ पुढे जात नाही, किंचित बाजूला सरकते. मागून जोर, पुढे टोकाचे वजन. मधली काडी एकदा इकडे, एकदा तिकडे लवत धनुष्याला वळसा घालून निघते. रॉबर्ट एल्मर यांनी या प्रकाराला 'आर्चर्स पॅराडॉक्स', म्हणजे तिरंदाजाचा विरोधाभास, हे नाव दिले, आणि 1930 च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ही लवण टिपली.

उजव्या हाताच्या तिरंदाजाचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचिक असला तर उजवीकडे. सगळेच बाण सारखे चुकले तर साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, सरकवून भागते. बारा बाणांच्या संचातले तीनच वेगळे असले तर कशानेच भागत नाही. मग शिकणारे पोर आपल्याच हाताला दोष देते, आणि हे पाहवत नाही.

संस्कृतात 'शर' म्हणजे बाण, आणि ज्या गवताच्या काड्यांचे बाण होत तेही शरच. अशा नैसर्गिक काड्या एकसारख्या मिळणे कठीण. भरीव काडीची जाडी 5 टक्क्यांनी वाढली तरी ताठपणा 20 टक्क्यांहून जास्त वाढतो. म्हणून लाकडी बाणांची काडी 26 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून, मध्ये 2 पौंडांचे वजन टांगून लवण मोजत आणि जुळणाऱ्या काड्यांचा संच लावत. हल्लीच्या मापात अंतर 28 इंच, वजन 1.94 पौंड, 500 स्पाइन म्हणजे अर्धा इंच लवण.

बाण बनवणारे जेम्स ईस्टन यांनी 1922 मध्ये लाकडी बाणांपासून सुरुवात केली आणि 1939 मध्ये ॲल्युमिनियमची नळी वापरली. 2014 क्रमांकाच्या बाणाचा व्यास 20/64 इंच, भिंत 14 सहस्रांश इंच. नळीची मापे ठरली की ताठपणाही ठरला. पुढे कार्बन आला.

2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यांत तिरंदाजीही होती. बांबूच्या धनुष्याचा इंडियन राउंड देशात आजही खेळला जातो. तिथे लाकडी बाण असतील तर आपला पावसाळा विसरता येत नाही: दमट हवेत काडी ओलावा धरते आणि लवचिक होते. मे महिन्यात जुळवलेला संच जुलैत पुन्हा टेकूंवर ठेवावा.