मराठवाड्यातील लघु झिंगा मासेमारी आणि तिची शाश्वतता

गोदावरी, तिच्या उपनद्या, त्यांवरील धरणे, बंधारे आणि गावतलाव यांतील गोड्या पाण्यातले झिंगे काठावरून किंवा थर्माकोलच्या चप्पूवरून (छोट्या तराफ्यावरून), हाताने चालवायच्या जाळ्यांनी व सापळ्यांनी पकडण्याचा व्यवसाय म्हणजे मराठवाड्यातील लघु झिंगा मासेमारी. भोई समाजातील व इतर मच्छीमार कुटुंबे ती करतात. घरातील पुरुष बहुधा जाळे टाकतात आणि स्त्रिया निवडलेला माल आठवडी बाजारात वाट्याने विकतात. पैठणचा नाथसागर, बीडमधील माजलगाव व मांजरा, परभणी-हिंगोलीकडील येलदरी व सिद्धेश्वर आणि नांदेडचा विष्णुपुरी हे तिचे मोठे जलाशय होत. झिंग्यांचा साठा न खचता पकड वर्षानुवर्षे मिळत राहावी आणि त्यावर पोट असलेल्या घराचे उत्पन्नही टिकावे, हा शाश्वततेचा येथील अर्थ आहे. यातला दुसरा भाग सरकारी कागदांत अनेकदा मागे पडतो.

या प्रदेशात दोन वेगळ्या स्वभावाचे झिंगे आढळतात आणि त्यांच्यासाठी एकच उपाय सांगितला की तो एका बाजूला हमखास फसतो. पहिला गट लहान झिंग्यांचा आहे. मॅक्रोब्रॅकियम लॅमरी आणि मॅक्रोब्रॅकियम किस्टनेन्सिस या त्यातील जाती बोटाएवढ्याच वाढतात व त्यांचे सारे जीवनचक्र गोड्या पाण्यात पूर्ण होते. दुसरा गट मोठ्या झिंग्यांचा असून गोदावरीची मूळ रहिवासी असलेली मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनाय आणि संवर्धनासाठी सर्वत्र वापरली जाणारी मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गाय या त्याच्या प्रमुख जाती होत. रोझेनबर्गायचा नर सुमारे ३२ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मोठ्या जातींच्या अळ्यांना मचूळ, म्हणजे गोडे व खारे मिसळलेले, पाणी लागते. मादी प्रवाहाबरोबर खाडीकडे उतरते, अळ्या तेथे वाढतात आणि पिले पुन्हा नदी चढून वर येतात. पैठणपासून गोदावरीचे मुख हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. त्या वाटेवर आपेगाव, हिरडपुरीपासून बाभळीपर्यंतचे उच्च पातळी बंधारे, तेलंगणातील श्रीरामसागर आणि आंध्र प्रदेशात १८५२ मध्ये पूर्ण झालेला धवळेश्वरम बंधारा उभा आहे. म्हणून मोठ्या झिंग्याची नैसर्गिक पैदास मराठवाड्यातील कोणत्याही जलाशयात होऊ शकत नाही. लहान झिंग्याची होते, आणि ती राखणे स्थानिक मच्छीमारांच्या हातात आहे.

लहान झिंग्याची मादी अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांत धरून ठेवते. पहाटे सापळा उचलून झिंगा बोटांत उलटा धरला की अंड्यांचा घोस उघड्या डोळ्यांना दिसतो. अंडी ताजी असताना घोस एकसारख्या रंगाचा असतो आणि पिले बाहेर पडायची वेळ जवळ आली की प्रत्येक अंड्यात डोळ्यांचे काळे ठिपके उमटतात. अशी मादी तिथल्या तिथे पाण्यात सोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र झिंगा जिवंत हाती येत असेल तरच तो शक्य होतो. शेंगदाण्याच्या पेंडीचे आमिष लावलेल्या बांबूच्या किंवा जाळीच्या सापळ्यात तो जिवंत राहतो. याउलट मच्छरदाणीच्या कापडाचे ओढजाळे काठाच्या गवतातून फिरवले की झिंग्यांबरोबर कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांची बोटुकली (बोटाएवढी पिले) आणि स्थानिक माशांची पिलेही चिखलात गुदमरून मरतात. त्या एका ओढीत पुढच्या हंगामाचे मासे संपतात, ही गोष्ट जुने मच्छीमार कोणत्याही अधिकाऱ्याआधी सांगतात. पावसाळ्यात, मुख्य पैदाशीच्या काळात, उथळ गवताळ काठ जाळ्यांना बंद ठेवणे आणि एरवी सापळ्यांवर भर देणे, या दोन नियमांनी बरेच साधते. स्फोटके व विष वापरून मासेमारी करणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच गुन्हा ठरवले आहे, तरी आटलेल्या डोहांत विषप्रयोग होतो आणि त्यात झिंगे सर्वांत आधी मरतात.

याचे कारण त्यांच्या शरीररचनेत आहे. झिंगा हा संधिपाद, म्हणजे कीटकांचा दूरचा आप्त. त्यामुळे किडींसाठी बनवलेली औषधे, विशेषतः सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड, माशाला न मारणाऱ्या अल्प मात्रेतही झिंग्याला मारतात. मराठवाड्यात कापूस व सोयाबीनवरील फवारणीचे महिने आणि झिंग्याच्या पैदाशीचे महिने जवळपास एकच आहेत. पहिल्या जोरदार सरीत शेतातले औषध ओढ्यावाटे तलावात येते. गाळपेर जमिनींचा प्रश्न त्याहून थेट आहे. धरणाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या सुपीक गाळात हरभरा, गहू किंवा भाजीपाला घेतला जातो आणि फवारणी अगदी पाण्याच्या कडेला होते, जिथे झिंग्याची पिले असतात. गाळपेर हा अनेक धरणग्रस्त कुटुंबांचा आधार असल्याने तो बंद करा म्हणणे अन्यायाचे ठरेल. पाण्यालगत फवारणीविना काही मीटरांचा गवताळ पट्टा सोडणे, पंप तलावात न धुणे आणि शक्य तेथे निंबोळी अर्काकडे वळणे ही तडजोड शेतकरी व मच्छीमार दोघांना परवडणारी आहे. छत्रपती संभाजीनगरचे सांडपाणी घेऊन नाथसागराकडे येणाऱ्या खाम नदीचे शुद्धीकरण मात्र मच्छीमारांच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम नगर प्रशासनाचे आहे.

पाण्याचा तुटवडा हे या प्रदेशाचे खास संकट होय. नाथसागराचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यातील ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा, म्हणजे दारांवाटे आपोआप बाहेर न येणारे तळाचे पाणी, आहे. टंचाईच्या वर्षांत मृतसाठ्यातूनही पाणी उपसावे लागते. २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्याने लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी झिंगे उरलेल्या डोहांत गोळा होतात आणि पकड अचानक वाढलेली दिसते. ती भरभराट मानून जाळी वाढवली की पुढच्या पावसाला बीजच उरत नाही. म्हणून प्रत्येक तलावातील एक-दोन सर्वांत खोल डोह कायमचे राखीव ठेवावेत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ काढताना सगळा तळ सपाट न करता काही ठिकाणी खोली वाढवली तर शेतकऱ्याला गाळ आणि झिंग्याला आसरा दोन्ही मिळतात. नदीपात्रातील बेसुमार वाळू उपशाची गत निराळी आहे. त्यात झिंग्याला लपायचा खडीचा, मुळ्यांचा आणि पाणवनस्पतींचा आसराच खणून जातो.

मोठ्या झिंग्याची मासेमारी संपूर्णपणे बाहेरून आणून सोडलेल्या बीजावर, म्हणजे बीज केंद्रात तयार केलेल्या पिलांवर, चालते. त्याच्या अळ्यांना क्षारांची गरज असल्याचे शाओ-वेन लिंग यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मलेशियात दाखवले आणि त्यानंतर ताकुजी फुजिमुरा यांनी हवाईमध्ये मोठ्या प्रमाणावरील बीजोत्पादनाची पद्धत बसवली. बीज केंद्रात दर लिटरला सुमारे १२ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात अळी अकरा अवस्थांतून जाते. तेथून आलेले नखाएवढे पिलू थेट जलाशयात टाकणे म्हणजे मरळ व शिंगाळा यांना खाद्य पुरवणे होय. महिना-दोन महिने पिंजऱ्यात किंवा काठच्या शेततळ्यात वाढवून मग सोडल्यास अधिक पिले जगतात. बीज खरेदीचा खर्च, जगण्याचे प्रमाण आणि विक्री यांची नोंद मच्छीमार सहकारी संस्थेने ठेवली नाही, तर अनुदान थांबताच हा उद्योगही थांबतो.

उत्पन्नाच्या बाजूने सर्वांत मोठी गळती पकडीनंतर होते. झिंग्याच्या डोक्यातील पाचक द्रव्ये मेल्यानंतर मांस झपाट्याने मऊ करतात आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हात बर्फाविना माल दुपारपर्यंत टिकत नाही. पकडताच बर्फाच्या पाण्यात बुडवून, मग मालाइतक्याच वजनाच्या बर्फात ठेवलेला झिंगा शहरापर्यंत चांगला पोहोचतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शीतपेटीसह दुचाकीसाठी साहाय्य मिळते. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. कमी पकडीत तेवढेच पैसे मिळू लागले की जाळ्याचा फास (जाळ्याची छिद्रे) मोठा ठेवायला मच्छीमार स्वतःहून तयार होतो.

जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि ठेक्याच्या हिशेबात भर असतो तो प्रमुख कार्प माशांच्या बोटुकलीवर. लहान झिंगा त्या हिशेबात जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्याची पकड किती, कोणत्या महिन्यात, किती माद्या अंड्यांसह आल्या, याची नोंद होत नाही. नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वनविभाग, पाटबंधारे आणि मत्स्यव्यवसाय या तिघांची परवानगी गुंतलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या लघु मासेमारीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत मच्छीमारांना निर्णयप्रक्रियेत सहभागी करण्यावर भर आहे. येथे त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत सिंचनाच्या मागणीबरोबर डोह किती राखायचे हेही बोलले जावे, आणि ते बोलायला जलाशयावरील संस्थेचा प्रतिनिधी, शक्यतो बाजारात झिंगे विकणारी स्त्री, हजर असावी.