परांची चढण्याआधी: नाशिकच्या बांधकाम कामगारांसाठी नोंदणी, तक्रार आणि भरपाईची माहिती

परांचीवरून किंवा शिडीवरून माणूस पडला की दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन प्रश्न हमखास निघतात. बांधकाम मंडळाचं कार्ड आहे का? आणि ठेकेदार काही देणार आहे का? हे पैसे वेगळे, त्यांचे अर्ज वेगळे, आणि ते करायची ठिकाणंही वेगळी. गल्लत इथेच होते. मंडळाची मदत मिळाली म्हणजे मालक सुटला असं समजून काही कुटुंबं गप्प बसतात, तर काही जण ठेकेदाराने हातावर थोडे पैसे ठेवले म्हणून मंडळाकडे जातच नाहीत. दोन्ही हक्क एकाच वेळी मागता येतात. मात्र त्यांचे बरेचसे कागद अपघाताच्या आधीचे लागतात, म्हणून सुरुवात नोंदणीपासून.

मंडळाची नोंदणी

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ २०११ पासून काम करतं. त्याच्याकडे पैसा येतो तो बांधकामाच्या खर्चावर घेतल्या जाणाऱ्या एक टक्का उपकरातून. गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याला टॉवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या खर्चातला रुपयामागे एक पैसा याच तिजोरीसाठी असतो. तेव्हा अर्ज करताना संकोच कसला?

पात्रता अशी: वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, स्टील बांधणारे, प्लास्टर, फरशी, रंगकाम, प्लंबिंग, वायरिंग करणारे सगळे यात येतात. बायका बऱ्याचदा "मी नुसती ह्यांच्याबरोबर जाते" असं सांगतात आणि नोंदणीबाहेर राहतात. डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढणारी बाईही बांधकाम कामगारच आहे. नवरा-बायको दोघं कामावर असतील तर दोघांची नोंदणी वेगवेगळी करा.

कागदपत्रांत आधार कार्ड, वयाचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा, बँकेचं पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि सगळ्यात महत्त्वाचा तो ९० दिवस काम केल्याचा दाखला. दाखला मालक, विकासक किंवा ठेकेदार देतो. नाक्यावरून रोज वेगळ्या साइटवर जाणाऱ्याला एकच ठेकेदार दाखवता येत नाही. अशा कामगाराला गावात ग्रामसेवकाकडून आणि शहरात महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून दाखला घेता येतो. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून हंगामापुरते नाशिकला येणाऱ्यांची अडचण अशी की गावचा अधिकारी म्हणतो काम शहरात केलंस, आणि शहरातला म्हणतो राहतोस गावाला. त्यावर उपाय म्हणजे वहीत तारीख, साइटचं नाव, मुकादमाचं नाव आणि मिळालेला रोज लिहून ठेवायचा. ऑनलाइन पगार येत असेल तर ते व्यवहार जपून ठेवायचे. बोगस नोंदण्यांच्या तक्रारींनंतर दाखल्यांची तपासणी कडक झाली आहे. शिक्का अस्पष्ट असला, ठेकेदाराचा पत्ता किंवा मोबाइल नंबर नसला, कामाच्या तारखा खाडाखोड केलेल्या असल्या, तर अर्ज मागे येतो.

नावाचं स्पेलिंगही बघून घ्या. आधारवर 'काशिनाथ' आणि पासबुकात 'काशीनाथ' हा फरक आज क्षुल्लक वाटतो, पण पुढे वारसाला पैसे घेताना हाच फरक आडवा येतो. दोन्ही आधी एकसारखं करून घ्या, मग अर्ज भरा.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरता येतो. आधार आणि मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो, पुढे फॉर्म भरून कागद चढवायचे आणि मूळ कागद दाखवायला ठरलेल्या तारखेला केंद्रावर जायचं. मोबाइल जमत नसेल तर तालुक्याचं कामगार सुविधा केंद्र आहे. शुल्क एका रुपयाच्या वर नाही. नाक्यावर कुणी "कार्ड काढून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर ते त्याच्या खिशात जातात. आणखी एक: ई-श्रम कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचं असंघटित कामगारांच्या नोंदणीचं कार्ड, हे मंडळाचं कार्ड नव्हे. ई-श्रम काढलं म्हणून या मंडळाच्या योजना लागू होत नाहीत.

नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि त्यासाठी पुन्हा ९० दिवसांचा दाखला लागतो. मंडळाच्या भाषेत नोंदणी 'जीवित' असली पाहिजे. अपघाताच्या दिवशी मुदत संपलेली असेल तर घरच्यांचा अर्ज तिथेच अडकतो. नूतनीकरणाची तारीख मोबाइलच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवली तरी पुरे.

जीवित नोंदणी असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर कायदेशीर वारसाला ५ लाख रुपये आणि नैसर्गिक मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात. ७५ टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख. कामगाराच्या विधवा पत्नीला किंवा विधुर पतीला पाच वर्षं दरवर्षी २४ हजार रुपये मिळतात. याशिवाय सुरक्षा संच मिळतो. हेल्मेट मिळालं की ते घरी पत्र्याच्या पेटीत ठेवून देऊ नका, कामावर घाला.

साइट धोक्याची असेल तर काय बघायचं, कुठे सांगायचं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा आता सुरक्षेच्या संहितेत सामावला आहे, आणि संक्रमणाच्या काळात जुने नियम चालू राहतील असं सरकारने सांगितलं आहे. कामगाराच्या दृष्टीने त्यातल्या तीन गोष्टी कामाच्या. एक, प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. हा कागद ९० दिवसांच्या दाखल्यालाही उपयोगी आणि भरपाईच्या दाव्यालाही, तेव्हा तो मागून घ्या. दोन, सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. "बेल्टचे पैसे पगारातून कापले" ही तक्रारीची गोष्ट आहे. तीन, जिवाला धोका दिसत असेल तर कामगार ते मालकाला सांगू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो.

धोका दिसतो कसा? शिडीपासून बघा. शिडी टेकवताना चार फूट उंचीमागे एक फूट बाहेर पाय हवा. बारा फुटांवर टेकवायची तर बुंधा भिंतीपासून तीन फूट. जिथे उतरायचं त्या पातळीच्या वर ती किमान मीटरभर निघालेली असावी, नाहीतर वर पोचल्यावर धरायला काही उरत नाही आणि नेमका तेव्हाच तोल जातो. वरचं टोक बांधलेलं हवं. खाली कुणीतरी पाय लावून उभा आहे म्हणजे शिडी बांधलेली आहे असं नाही, कारण चहा आला की तो माणूस जातो. एका हातात पाटी आणि एका हाताने शिडी हा प्रकार तर सगळीकडे दिसतो. सामान दोरीने वर ओढा, चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा.

परांचीचा पाया बघायचा म्हणजे खाली बेस प्लेट आहे का, तिच्याखाली फळी आहे का, की विटेच्या तुकड्यावर पाइप टेकवला आहे. परांची इमारतीला ठरावीक अंतरावर बांधलेली हवी. फळ्या सलग आणि बांधलेल्या हव्यात. दोन फळ्यांमध्ये पाय जाईल एवढी फट असली की माणूस खाली बघत चालतो आणि डोकं आडव्या पाइपवर आपटतो. बाहेरच्या बाजूला कठडा, मध्ये आणखी एक आडवी दांडी आणि खाली पायपट्टी, म्हणजे हातोडी घरंगळून खालच्याच्या डोक्यात पडणार नाही. बांबूची परांची असेल तर पावसाळ्यात सुंभाच्या गाठी रोज बघाव्या लागतात. पाऊस, उन्हाची तिरीप आणि पुन्हा पाऊस असं नाशिकला आठवडाभर चालतं आणि गाठ नकळत ढिली होते. वादळी पावसानंतर जाणत्या माणसाने तपासल्याशिवाय परांचीवर चढू नये. ड्रमवर फळी टाकून केलेला 'घोडा' ही तर परांचीच नव्हे.

जिन्याकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. पायऱ्या ओतल्या की माणसं वर-खाली करायला लागतात, आणि कायमचं रेलिंग बसतं ते सगळ्यात शेवटी. मधल्या काळात पाइपचं किंवा बांबूचं तात्पुरतं रेलिंग हवं, संध्याकाळी दिवा हवा आणि पायऱ्यांवर विटांचे ढीग नकोत. लिफ्टच्या डक्टचं तोंड प्रत्येक मजल्यावर बंद हवं. नुसतं प्लायवूड टाकून ठेवलं तर ते धोक्याचं, कारण अंधारात ते जमिनीसारखं दिसतं. ते ठोकून पक्कं करावं आणि त्यावर खूण करावी.

सेफ्टी बेल्टचा हूक अडकवायची जागा सुद्धा विचारा. बेल्ट कमरेला आणि हूक खिशात, असे फोटो काढण्यापुरते बेल्ट घालणारे सुपरवायझर पुष्कळ असतात. पूर्ण अंगाचा हार्नेस हवा आणि त्याचा हूक डोक्याच्या वर, भक्कम ठिकाणी किंवा लाइफलाइनला, म्हणजे त्यासाठी पक्क्या बांधलेल्या दोराला.

तक्रार करायची ती आधी साइट इंजिनिअरकडे, व्हॉट्सॲपवर फोटोसह, म्हणजे तारीख-वेळ राहते. २५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या साइटवर सुरक्षा अधिकारी आणि सुरक्षा समिती असायला हवी. तिथे त्यांनाही सांगा. फरक पडला नाही तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या, एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयाला द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. अर्जात साइटचा नेमका पत्ता, विकासकाच्या फलकावरचं नाव आणि फोटो एवढं असलं की पुरे. एकट्याने अर्ज केला की उद्या गेटवरून परत पाठवतील ही भीती खरी आहे, म्हणून चार-पाच जणांच्या सह्या घ्या किंवा संघटनेमार्फत द्या.

पडल्या दिवशीचे कागद

पहिले काही तास गोंधळाचे असतात आणि पुढचं सगळं त्यांच्यावर ठरतं. केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, कसं लागलं. बरोबर आलेला मुकादम पटकन म्हणतो, "घरी घसरला." ते वाक्य एकदा केसपेपरवर गेलं की नंतर कामावरचा अपघात सिद्ध करायला वर्षं जातात. जिल्हा रुग्णालय असो की खाजगी, "अमुक साइटवर, अमुक मजल्यावरून, परांचीवरून पडला" असं स्पष्ट सांगा आणि पोलिस प्रकरण म्हणून नोंद झाली का ते विचारा. मृत्यू झाला असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. परांची काढून टाकण्याच्या आधी तिचे फोटो घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

मृत्यू झाला किंवा कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर अपघाताची सूचना अधिकाऱ्यांना देणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती दिली का हे विचारा आणि प्रत मागा.

मंडळाच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, कामावर असतानाच मृत्यू झाल्याचा पुरावा, वारसाचे कागद, मंडळाचं कार्ड आणि वारसाचं पासबुक लागतं. अपंगत्वाच्या मदतीसाठी सरकारी यंत्रणेचं टक्केवारीचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून उपचार चालू असतानाच त्याची चौकशी सुरू करा.

मालकाकडून भरपाई

आता दुसरा अर्ज. हा हक्क १९२३ च्या कायद्याने दिला होता आणि आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. हिशेब महिन्याचा पगार आणि वय यांवर चालतो. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार पगार जास्तीत जास्त १५ हजार धरला जातो. समजा ३० वर्षांचा गवंडी आहे, रोज ८०० रुपये. मृत्यू झाला तर १५ हजारांचे निम्मे म्हणजे ७,५०० गुणिले कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा गुणांक २०७.९८, भरपाई १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के धरतात, म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, आणि रक्कम होते १८,७१,८२०. ठेकेदार "दोन लाख घ्या आणि मिटवा" म्हणतो तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या. साइटवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल आणि कामगाराची नोंद असेल, तर लाभ ईएसआयकडून मिळतो आणि हा दावा चालत नाही.

ठेकेदार गायब झाला तरी ज्याच्यासाठी काम चालू होतं त्या मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर त्यावर १२ टक्के व्याज लागतं आणि कारण योग्य नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. कामगार दारू प्यायला होता किंवा मुद्दाम बेल्ट काढून टाकला होता, असा बचाव मालक घेतात. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात मात्र तो चालत नाही. नव्या संहितेत घरून कामावर येता-जातानाचा अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, यात धरला जातो. पेठहून पिकअपमध्ये उभ्याने येणाऱ्यांना हे माहीत असायला हवं.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा. वकील परवडत नसेल तर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.