सर्व्हर रूममध्ये शिकायचंय? अप्रेंटिसशिपचा अर्ज कसा करायचा

जूनमधला पहिला दणका पाऊस, तासाभरात चारदा गेलेली वीज आणि मान टाकलेला यूपीएस. सिस्टम अ‍ॅडमिनचं काम, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्क चालू ठेवणं, तिथून सुरू होतं आणि ते वर्गात बसून शिकता येत नाही. म्हणून आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडची मुलं 'कुठला क्लास लावू?' विचारतात, तेव्हा मी आधी अप्रेंटिसशिपबद्दल सांगतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार होतो, काम शिकता येतं आणि दरमहा विद्यावेतनही मिळतं.

वाटा दोन आहेत. पदवी किंवा डिप्लोमा असेल (पणजीचं पॉलिटेक्निक, फर्मागुढीचं इंजिनीअरिंग कॉलेज, बीसीए, बीएस्सी), तर 'नॅट्स' (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करायची. गोव्याचं काम मुंबईच्या पश्चिम विभागीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळाकडून चालतं. एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा वा प्रशिक्षणाचा अनुभव असेल, तर ही वाट बंद.

दहावी-बारावी किंवा आयटीआय झालेल्यांनी 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवर जायचं. आयटीआयमध्ये 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा दहावीनंतरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो प्रत्येक आयटीआयत नसतो, म्हणून फॉर्म भरण्याआधी माहितीपत्रक बघा.

विद्यावेतनाची किमान रक्कम २०१९ च्या दुरुस्तीने ठरली: दहावी ६,०००, आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवीधर ९,००० रुपये. अर्ज करताना पोर्टलवरचा चालू आकडा बघून घ्या. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, म्हणून वेर्ण्यातला कारखाना किंवा किनाऱ्यावरचं मोठं हॉटेलही चालेल. सर्व्हर फक्त आयटी कंपनीत असतो असं थोडंच आहे!

कागद फार नाहीत: आधार, दहावीची गुणपत्रिका, शेवटच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र, पासबुक, फोटो. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला पोर्टलवरच्या नोंदणीला लागत नाही. सरकारी खात्याच्या जाहिरातीत मागितला असेल, तरच मामलेदार कचेरी गाठा.

अर्ज अडतो तो नावात. आपल्याकडे एकच आडनाव जन्मदाखल्यावर एका स्पेलिंगने, गोवा बोर्डाच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या आणि आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगने असतं. गावकर घ्या: कुठे 'जी-ए-ओ', कुठे 'जी-ए-यू'. वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, हा वेगळाच घोळ. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून आधी आधार दुरुस्त करा, मग बँक, आणि त्यानंतरच नोंदणी. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक ठिकाणी दोनदा जावं लागतं.

दुसरी अडचण खात्याची. सरकारचा वाटा थेट बँकेत येतो. 'अप्रेंटिसशिप इंडिया'च्या वाटेने तो विद्यावेतनाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये. नॅट्सच्या वाटेने किमान रकमेच्या निम्मा. बाकीचं मालक देतो. मात्र खात्याला आधार 'लिंक' असणं आणि थेट लाभासाठी (डीबीटी) 'सीड' असणं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वेळी एकच खातं सीड राहतं. बहुतेकांचं ते शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, कधीचं बंद पडलेलं खातं निघतं. शाखेत जाऊन 'डीबीटीसाठी सीडिंग करा' असं स्पष्ट सांगा.

नोंदणी झाली की पोर्टलवरच्या जागा शोधून प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो. मुलाखतीत पगाराआधी एक गोष्ट विचारा: बॅकअपवरून डेटा परत आणण्याचा सराव करायला मिळेल का? वेगळं टेस्ट मशीन आहे का? उत्तरादाखल फक्त प्रिंटरची कार्ट्रिज आणि पासवर्ड रिसेट ऐकू आलं, तर वर्षभर तेच करावं लागेल. शिवाय वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं, त्यामुळे हातात राहतं ते शिकलेलं काम आणि प्रमाणपत्र.

निवड झाली की करार पोर्टलवर तयार होतो. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकाची सही लागते. कराराचा नंबर हातात येईपर्यंत कामावर हजर होऊ नका. माझ्या ओळखीचा एक मुलगा 'कागद मागाहून येतील' या शब्दावर दोन महिने छतावरून केबल ओढत राहिला. करार झाला तेव्हा त्यावर तारीख त्या दिवसाची पडली, आणि ते दोन महिने ना विद्यावेतनात धरले, ना प्रमाणपत्रात.