गडगडाटी ढग किती तास टिकणार?

उन्हाळ्यात गडगडाटी ढग उभा राहायला जमिनीलगत दमट, तापलेली हवा लागते, वर गार हवा लागते आणि खालच्या हवेला वर ढकलणारं काहीतरी लागतं. पण तो तासाभरात विरेल की रात्रभर शेकडो किलोमीटर धावेल, हे मुख्यतः आसपासचा वारा ठरवतो.

1946-47 साली होरेस बायर्स आणि रोस्को ब्रॅहम या हवामानशास्त्रज्ञांच्या गटाने अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायोमध्ये थेट अशा ढगांत विमानं घातली. (वैमानिकांचं खरंच कौतुक!) सुरुवातीला ढगात हवा नुसती वर चढते, मग एकीकडे चढते आणि एकीकडे उतरते, शेवटी फक्त उतरते, हे त्यांनी दाखवून दिलं. सगळ्या उंचीवर वारा जवळपास सारखाच असेल, तर पाऊस त्याला जन्म देणाऱ्या, वर चढणाऱ्या हवेच्या झोतावरच कोसळतो आणि ढग स्वतःलाच संपवतो. उंचीनुसार वारा बदलत असेल, तर पाऊस बाजूला पडतो आणि झोत मोकळा राहतो.

खरी गंमत पुढे आहे. कोरड्या हवेतून पडताना थेंबांची वाफ होते, हवा गारठते, जड होते आणि जमिनीवर पसरते. पावसाआधी अंगावर येणारा गार वारा तो हाच. ही गार हवा समोरच्या उबदार हवेखाली पाचरीसारखी शिरते, तिला उचलते आणि नवे ढग उभे करते. रोटुनो, क्लेम्प आणि वाइसमन या हवामानशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये मांडलं की या गार हवेचा जोर आणि खालच्या थरात उंचीनुसार होणारा वाऱ्याचा बदल तुल्यबळ असले, की ढगांची रांग दीर्घकाळ जगते. सिद्धांत सुबक आहे. तो कितपत लागू पडतो यावर वादही बरेच झाले.

रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवाही गार होते. मग वादळं थांबायला हवीत. पण अमेरिकेच्या मध्य मैदानी प्रदेशात उन्हाळी पाऊस रात्रीच जास्त पडतो, कारण जमिनीपासून काहीशे मीटर उंचीवर दक्षिणेकडून येणारा वेगवान वारा दमट हवा आणत राहतो. वादळ गार थराच्या वरून पोसलं जातं. 2015 मध्ये तिथे ‘पेकन’ ही खास मोहीम याच कोड्यासाठी झाली.

अंदाज बांधणारे रडारवर एक बारीक रेघ शोधतात. गार हवेच्या कडेला जमलेले कीटक आणि धूळ ती रेघ उमटवतात. रेघ पावसाला चिकटून असेल तर वादळात अजून दम असतो. ती पावसाला मागे टाकून पुढे निघून गेली, की बहुधा वादळाची रसद तुटलेली असते.