वजनकाट्यावरचे 20 किलो आणि पावलातले 20 किलो

‘ऑपरेशनच्या पायावर 20 किलोपर्यंतच भार द्या,’ असं सर्जन सांगतात आणि घरातला वजनकाटा पलंगाजवळ येतो. पाय त्यावर ठेवायचा, काटा वीसवर येईपर्यंत हळूहळू दाबायचा, ‘हां, एवढंच’ हे लक्षात ठेवायचं आणि कुबड्या घेऊन निघायचं. ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पहिल्या दिवशी अंदाज यायला ठीकही आहे. तिच्यावर जास्त शाई खर्च करत नाही.

घोळ पुढे होतो. बुटात घालायचा, बीप देणारा सेन्सरचा इनसोल म्हणजे याच काट्याची महागडी आवृत्ती, असं लोक धरून चालतात. आकडा दोन्हीकडे किलोतच दिसतो ना! पण काटा उभ्या पायाचा भार सांगतो आणि इनसोल चालत्या पायाचा, आणि हे दोन भार वेगळे आहेत.

70 किलोचा धडधाकट माणूस एका पायावर निश्चल उभा राहिला तर त्या पायाखाली 70 किलोच भरतील. तोच नेहमीच्या वेगाने चालू लागला की टाच टेकताच भार वजनाच्या साधारण 1.1 ते 1.2 पट होतो, म्हणजे 77 ते 84 किलो. मग शरीर पायाच्या बरोबर वर आलं की तो वजनापेक्षाही खाली उतरतो आणि चवड्याने जमीन रेटताना पुन्हा चढतो. आलेख दोन वशिंडांच्या उंटासारखा दिसतो. माणसाचं वजन अर्थातच तेवढंच असतं. खाली येणारं शरीर थोपवून पुन्हा वर न्यायला जास्त जोर लागतो, इतकंच. खाली आलेली लिफ्ट थांबताना पाय जड होतात, तोच हा प्रकार.

काट्याला यातलं काही दिसत नाही. एका पावलात पाय जमिनीवर असतो जेमतेम 0.6 ते 0.7 सेकंद, आणि डिजिटल काटा तर आकडा स्थिरावण्याची वाट बघत बसतो. शिवाय काट्यावर उभं असताना सगळं चित्त आकड्यात असतं. चालताना कुणी हाक मारली, वळताना कुबडी टेकायला क्षणभर उशीर झाला, की 20 चे 35 कधी झाले ते पायालाही कळत नाही. म्हणून ‘मी वीसच देतो’ असं कुणी ठासून सांगितलं की माझा एकच प्रश्न असतो: उभं राहून, की चालताना?

तेव्हा चालण्याच्या सरावासाठी माझं मत इनसोललाच. पण बीप म्हणजे ब्रेक नव्हे. भाराचं पहिलं शिखर टाच टेकल्यापासून सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शात येऊन जातं, आणि आवाज ऐकून स्नायू हलवायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. बीप कानावर पडते तेव्हा ते पाऊल होऊन गेलेलं असतं. सुधारायचं ते पुढचं.

याहून अवघड गोष्ट म्हणजे बीपची सवय. 1996 मध्ये कॅरोली विन्स्टीन आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना कुबड्यांवर ठरावीक भार देऊन पाऊल टाकायला शिकवलं. किती भार पडतोय याची माहिती पाऊल टाकतानाच मिळणाऱ्यांची पावलं सरावात जास्त अचूक पडली, पण माहिती काढून घेतल्यावर, ज्यांना ती नंतर मिळत होती त्यांचीच पावलं सरस ठरली. म्हणून दिवसभर बीप चालू ठेवणं मला पटत नाही. काही पावलं बीप बंद करून टाकावीत, आकडा मागाहून बघावा.

बीपचा अर्थही आधी विचारून घ्या. मोडलेल्या हाडाच्या रुग्णासाठी ती बहुधा ‘जास्त झालं’ म्हणते. पक्षाघातानंतर अधू पायावर भार द्यायला घाबरणाऱ्यासाठी तीच बीप ‘शाब्बास, पोचलात’ म्हणून लावलेली असू शकते. आणि जाहिरातीतल्या तळपायाच्या रंगीबेरंगी चित्राला भुलू नका. ते दाब कुठे किती पडला ते दाखवतं. लाल ठिपका म्हणजे जास्त किलो असं नाही. थोडाच भार इवल्याशा जागेत एकवटला तरी तिथे लाल दिसेल.

राहता राहिलं शून्य. बुटाची लेस आवळली की पाय हवेत असतानाही सेन्सर थोडा भार दाखवतो. त्यामुळे लेस बांधून, पाय उचलून मगच आकडा शून्यावर आणायचा, आणि लेस सोडून पुन्हा बांधली तर पुन्हा आणायचा.